घरचा कोको: आधी मिठाची बरणी बघा

कोकोचं मिश्रण करायला घेण्याआधी ओट्यावरची खडेमिठाची बरणी उघडा. मीठ कोरडं असेल, बरणी हलवल्यावर खडखडत असेल, तर कामाला लागा. खडे एकमेकांना चिकटले असतील, तळाला पाणी दिसत असेल, तर आज चहा करून प्या आणि कोको चार दिवसांनी करा.

हा नियम मला फुकट मिळालेला नाही. एका श्रावणात हौसेने अर्धा किलो मिश्रण केलं, छान काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवलं, आणि आठव्या दिवशी बरणी उपडी केली तरी आतलं जागचं हललं नाही. सुरीने टोचून टोचून ढेकळं काढावी लागली. कोको चांगला होता, साखर चांगली होती, माप बरोबर होतं. चुकला होता तो दिवस. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ ओल ओढायला लागतं. दूध पावडर तर त्याच्याही आधी ओढते. बेळगावात पावसाळाभर हवा कशी असते ते भिंतींना विचारा, आणि खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्यामुळे आपल्या भागात या मिश्रणाची मापं एका मिनिटात पाठ होतात, ओल बाहेर ठेवायला मात्र शिकावं लागतं.

कोको विरघळत नाही

पूड करून ठेवणं आपल्याला नवीन नाही. माझ्या शेजारच्या अक्का मूळच्या बैलहोंगलच्या. त्यांच्याकडे धणे, जिरे, मिरी, सुंठ यांची कषायाची पूड बारा महिने तयार असते. पाहुणा दारात आला की दूध, गूळ आणि एक चमचा पूड, झालं काम. मी कोको करताना बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे हा तुमचा कषायच की!" म्हटलं, हो, पण एक फरक आहे. कषायाच्या मसाल्याचा अर्क पाण्यात उतरतो, मग चोथा गाळून टाकता येतो. कोको गाळायचा नसतो, आणि तो विरघळतही नाही.

कोको म्हणजे भाजलेल्या बियांची पूड. त्या बीमध्ये जवळजवळ निम्मं तेलच असतं, त्यालाच कोको बटर म्हणतात. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन बापलेकांनी ते तेल दाबून वेगळं काढायची पद्धत आणली, आणि उरलेल्या पेंडीची जी पूड झाली तीच आज आपण डब्यातून आणतो. दाबूनही थोडं तेल आत राहतंच. साध्या कोको पावडरीत ते १० ते १२ टक्के असतं, महागड्या जातीत २२ ते २४. हे तेल पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून कोरडा कोको गरम दुधात टाकला की वरच तरंगतो, त्याच्या गोळ्या होतात, आणि गोळी फोडली तर आत तशीच कोरडी पूड निघते. पिठल्यात बेसन एकदम टाकलं की होतं ना, तसंच. पिठीसाखर मिसळली की कोकोचे कण एकमेकांपासून लांब राहतात आणि दुधात पसरणं सोपं जातं. तयार मिश्रण करून ठेवण्याचा खरा फायदा हा, वेळ वाचतो तो वेगळाच.

दोन मिश्रणं, दोन कामं

नवशिके इथे गोंधळतात. पाण्यात कालवायचं मिश्रण वेगळं आणि दुधात उकळायचं वेगळं. दोन्हींचं एकच करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

पाण्यातल्या मिश्रणात दूध पावडर लागते. त्याचं प्रमाण मी शाळेवरून घेतलं. कर्नाटकात २०१३ पासून सरकारी शाळांत क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, आपल्या मराठी शाळांतही. त्यात एका मुलाला १८ ग्रॅम दूध पावडरीचं १५० मिली दूध करून देतात. इतक्या वर्षांचं, इतक्या पोरांच्या पोटात गेलेलं माप असताना आपण नवीन कशाला शोधा? त्या १८ ग्रॅमच्या निम्मी साखर आणि साखरेच्या निम्मा कोको, म्हणजे चार-दोन-एक.

पाण्यातलं मिश्रण (साधारण ११ पेले):
दूध पावडर २०० ग्रॅम
पिठीसाखर १०० ग्रॅम
कोको ५० ग्रॅम
बारीक मीठ दोन चिमटी

दुधातलं मिश्रण (साधारण २० पेले):
पिठीसाखर २०० ग्रॅम
कोको १०० ग्रॅम
कॉर्नफ्लॉवर २० ग्रॅम
बारीक मीठ तीन-चार चिमटी

वजनाचा काटा नसला तरी अडत नाही. पहिल्यासाठी एकाच वाटीने चार-दोन-एक घ्या, दुसऱ्यासाठी दोन वाट्या साखरेला एक वाटी कोको. वाटीत भरताना दाबू नका, वर आलेला ढीग सुरीच्या पाठीने सपाट करा. चवीत फार फरक पडणार नाही.

कॉर्नफ्लॉवर पहिल्यात का नाही? कारण ते शिजावं लागतं. दूध गॅसवर उकळतं तेव्हा ते शिजून दाटपणा देतं आणि कोकोला तळाशी बसू देत नाही. किटलीतलं पाणी वरून ओतलं तर ते अर्धवट शिजतं, घशाला पिठूळ लागतं. बरेच जण दोन्हींत घालतात आणि मग म्हणतात घरचा कोको कच्चट लागतो.

बाजारात काय मागायचं

आधी शब्द नीट. 'कोको पावडर' मागा, तीही बिनसाखरेची. 'ड्रिंकिंग चॉकलेट' हे तयार मिश्रण असतं, त्यात निम्म्याहून जास्त साखर असू शकते. मला एका दुकानात कोको मागितल्यावर तेच बांधून दिलं, मी घरी येऊन त्यात वर तितकीच साखर घातली, आणि मुलांना सोडून कोणालाही ते पिववलं नाही. बोर्नव्हिटासारखी माल्टची पावडर म्हणजेही कोको नव्हे. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, तिथे फक्त कोको असायला हवा, फार तर 'आम्लता नियंत्रक' आणि ५०० किंवा ५०१ असा आकडा.

तो आकडा दिसला तर घाबरू नका. ही खार लावून आंबटपणा मारलेली कोको पावडर आहे. तिला डच कोको म्हणतात, कारण ती युक्तीही व्हॅन हाउटन यांच्याच घरची. रंग गडद, चव मवाळ, दुधात पटकन मिसळते. आकडा नसेल तर तो साधा कोको, रंगाने फिकट, विटकरीकडे झुकणारा, चवीला जरा आंबट-तुरट. पेयाला मी गडद घेते. फिकटच मिळाला तर ५० ग्रॅमला चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त झाला तर कोको साबणासारखा लागतो आणि मग त्याला उपाय नाही.

बेळगावात रविवार पेठेत किराण्याची घाऊक दुकानं आहेत, शहरात केकचं सामान विकणारी दुकानंही झाली आहेत. निपाणी, चिक्कोडी, खानापूरला असं दुकान सापडलं नाही तर सरळ ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारा, तो आपल्या मालातला पाव किलो देतो. सुटा कोको घ्यायचा तर चिमूटभर बोटांत चोळून बघा. चांगला कोको बोटाला मेणासारखा चिकटून राहतो आणि चॉकलेटचा वास हातावर रेंगाळतो. नुसता रंग लागला आणि वास मातकट आला, तर सोडून द्या.

कोको काही फक्त परदेशातून येत नाही. आपल्याच राज्यात दक्षिण कन्नडमध्ये सुपारीच्या बागांत ही झाडं आंतरपीक म्हणून लावतात, आणि सुपारी उत्पादकांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा पुत्तूरचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. पण भाव ठरतो तो पश्चिम आफ्रिकेच्या पिकावर. आयव्हरी कोस्ट आणि घाना इथलं पीक बसलं आणि २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोको बियांचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून मी एका वेळी शंभर ग्रॅमच आणते. महाग वस्तू ओल धरून वाया गेली की जास्त लागतं.

दूध पावडर घेताना एकच बघा. 'डेअरी व्हाइटनर' असेल तर त्यात आधीच साखर घातलेली असते, मग आपली साखर १०० ऐवजी ७० ग्रॅम करा. मलईची पावडर चवीला सरस, पण तिला लवकर खवट वास येतो. साय काढलेली जास्त टिकते, मात्र कोको पातळ लागतो. महिनाभरात संपणार असेल तर मलईचीच घ्या.

करायला घेऊ

सकाळी दहा-अकराची वेळ धरा, ऊन वर आलेलं असतं. गॅसवर भात, वरण, कशाचीच वाफ नको. मिक्सरचं कोरड्या चटणीचं भांडं, चाळण, चमचा, परात हे सगळं आदल्या रात्री धुऊन, पुसून उन्हात घातलेलं बरं. झाकणाच्या रबरी कडीत पाणी लपून बसतं, ती काढून पुसा. माझ्या श्रावणातल्या त्या बरणीचं थोडं पाप बहुतेक त्या कडीतही होतं, कारण भांडं मी तासाभरापूर्वी धुतलं होतं.

पहिलं काम तव्यावरचं. बारीक मीठ मंद आचेवर दोन मिनिटं कोरडं परता. ते काढून त्याच तव्यावर कॉर्नफ्लॉवर घाला आणि तीन-चार मिनिटं हलवत राहा. रंग बदलू द्यायचा नाही. सुरुवातीला ते चमच्याला जड लागतं, तव्यावर ढिगानं सरकतं. मग एकदम हलकं होतं, पाण्यासारखं पसरायला लागतं, तेव्हा उतरवा. दोन्ही ताटलीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना मिसळलंत तर त्याचीच वाफ डब्यात धरते. कोको आणि दूध पावडर मात्र तव्यावर घालायची नाही. दूध पावडर करपते, त्याआधी चिकट होते.

दुसरं काम साखरेचं. विकतची पिठीसाखर चालते, पण तिच्यात बहुधा थोडं कॉर्नफ्लॉवर असतं, म्हणून पाण्यातल्या मिश्रणाला घरी दळलेलीच बरी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची काय कमी! घरात साखर असतेच. भांडं अर्ध्यापर्यंतच भरा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद. सलग फिरवला की भांडं तापतं आणि साखर कडेला चिकटते. बारीक झाली की झाकण लगेच उघडू नका, पाच मिनिटं थांबा, नाहीतर साखरेचा धूर नाकात जातो आणि शिंका सुरू होतात. मग त्यातच कोको घालून अजून दोन-तीन झटके द्या. कोकोतलं थोडंसं तेल साखरेच्या कणांना लागतं आणि दोन्ही एकजीव होतात. दूध पावडर मिक्सरमध्ये नको, गरम भांड्यात ती लगेच गोळा होते.

तिसरं काम चाळणीचं, आणि हे टाळू नका. परातीवर मैद्याची चाळण धरून आधी साखर-कोको, मग दूध पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर, शेवटी मीठ असं चाळून घ्या. चाळणीत वर काय उरतं ते नीट बघण्यासारखं असतं. तपकिरी मऊ गोळ्या बोटाने दाबल्या की भुगा होतात, त्या कोकोच्या. त्या चमच्याच्या पाठीने घासून खाली पाडा. करकर वाजणारे कण साखरेचे, ते पुन्हा मिक्सरला. आणि पिवळसर, साबुदाण्यासारखे टणक मणी राहिले तर ते ओल धरलेल्या दूध पावडरीचे. ते दाबूनही फुटत नाहीत. त्यांना मिश्रणात जागा नाही, संध्याकाळच्या खिरीत टाका. मणी मूठभर निघाले तर ती पावडर या कामाला बाद समजा.

सगळं पुन्हा एकदा चाळा. दोनदा चाळलेल्या मिश्रणात पांढऱ्या रेघा राहत नाहीत, रंग सगळीकडे सारखा येतो. आता एक चमचा मिश्रण कागदावर ठेवून कागद तिरका करा. वाळूसारखं घसरत खाली आलं तर उत्तम. कागदाला चिकटून राहिलं, बोटाने ढकलावं लागलं, तर परात पातळ पसरून पंख्याखाली नव्हे, उन्हाच्या खिडकीजवळ तासभर ठेवा. पंख्याने कोको घरभर उडतो. मी हे करून बघितलं आहे, त्या दिवशी पडद्यांनाही चॉकलेटचा वास होता.

पेला करताना

पाण्यातलं मिश्रण असेल तर एका पेल्याला ३१-३२ ग्रॅम लागतं. घरातला मोठा चमचा एकदा काट्यावर मोजून ठेवा, प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा. माझ्याकडे ते तीन शीग लावलेले चमचे होतात. पेल्यात मिश्रण घाला आणि त्यावर दोन-तीन चमचे साधं किंवा कोमट पाणी, उकळतं नाही. उकळतं पाणी थेट पडलं की दूध पावडरीच्या गुठळ्या होतात. पहिल्यांदा पाणी वरच राहतं आणि कोको त्यावर विहिरीत पडलेल्या भुशासारखा तरंगतो. तिथेच नवशिका घाबरून आणखी पाणी ओततो. ओतू नका. चमच्याच्या पाठीने पेल्याच्या कडेला रगडत राहा. अर्ध्या मिनिटात ते फुटतं, मग घट्ट होतं, मग अचानक सैल पडून चकाकायला लागतं. रंग कुंद्याचा आणि धार काकवीची आली की झालं. आता गरम पाणी थोडं थोडं ओतून १५० मिली करा.

माझी भाची धारवाडला हॉस्टेलवर राहते. तिला पहिला डबा दिला तेव्हा हे रगडायचं सांगायलाच विसरले. दुसऱ्याच दिवशी फोन, "मावशी, ह्यात गोळे होऊलालेत की गं!" किटलीतलं उकळतं पाणी तिने वरून धो धो ओतलं होतं. आता तिच्या खोलीत पेल्याभोवती चार मुली बसतात आणि रगडायचं काम आळीपाळीने चालतं. हॉस्टेलवाल्यांसाठी आणखी एक: किटलीत दूध तापवू नका. ते तळाला करपतं, उतू जातं, आणि किटलीचा वास मरेपर्यंत जात नाही. पाणीच तापवा, म्हणून तर हे मिश्रण केलं.

दुधातल्या मिश्रणाला एका पेल्याला १६ ग्रॅम पुरतं, म्हणजे दोन बेताचे चमचे. पातेल्यात १५० मिली दूध घ्या, त्यातलं तीन-चार चमचे गार दूध वाटीत काढून मिश्रणाची तशीच पेस्ट करा. बाकीचं दूध गरम झालं की पेस्ट ओता आणि हलवत उकळी आणा. उकळी आल्यावर आच मंद करून आणखी दोन मिनिटं, म्हणजे कॉर्नफ्लॉवर शिजतं. हलवायला ताकाची छोटी रवी सगळ्यात बरी, फेसही येतो आणि साय धरत नाही. रवी नसेल तर फिल्टर कॉफीसारखं दोन पेल्यांत उंचावरून ओतत ओतत गार करा. म्हशीचं दूध असेल तर कॉर्नफ्लॉवर निम्मं केलं तरी चालतं, ते मुळात दाट असतं.

घरात नाचणीचं सत्त्व करत असाल तर कॉर्नफ्लॉवरच्या जागी ते ४० ग्रॅम घालून बघा. खानापूरकडची नाचणी मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळलेली असेल तर कोकोबरोबर तिचा भाजका वास फार छान जमतो. शिजवायला मात्र चार-पाच मिनिटं द्या. माझ्या मते आपल्या घरांतला खरा कोको हाच, पण मुलं आधी रंग बघतात आणि तो जरा मातकट येतो.

वास आणि चव

कोरडं असेल ते मिश्रणात, ओलं असेल ते पेल्यात. वेलदोड्याची पूड, सुंठ, दालचिनी, जायफळ हे कोरडे, १०० ग्रॅम कोकोला यातल्या एकाची पाव चमचा पूड पुरे. जायफळ त्याहूनही कमी. सगळे एकदम घालू नका, नाहीतर कोको हरवतो आणि मसाला दूध उरतं. इन्स्टंट कॉफी एक चहाचा चमचा घातली तर कॉफी लागत नाही, कोको जास्त गडद लागतो. व्हॅनिला इसेन्स ओलं असतं, त्याचे दोन थेंब पेल्यात. अक्कांनी आपल्या कषायाच्या पुडीची चिमूट माझ्या पेल्यात टाकून दिली होती. मिरीचा झणका घशात आणि कोकोची गोडी मागून, पावसाळी संध्याकाळी ते मला इतकं आवडलं की आता मीच त्यांच्याकडे पूड मागायला जाते.

गुळाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. महालिंगपूरचा गूळ घरात असताना साखर कशाला? गूळ चवीला सुंदर, पण डब्यात वैरी. गुळाची पावडर साखरेपेक्षा लवकर ओल ओढते आणि मिश्रण चिखल होतं. शिवाय गुळासकट दूध उकळलं तर ते फाटू शकतं. तेव्हा कोको, कॉर्नफ्लॉवर, मीठ एवढंच डब्यात ठेवा. दूध शिजून गॅस बंद केला, दोन मिनिटं निवलं, की किसलेला गूळ घाला आणि पुन्हा उकळू नका.

साखरेचा हिशेबही सांगून टाकते. वरच्या मापाने पेल्यात ९ ते १० ग्रॅम घातलेली साखर येते, म्हणजे दोन चहाचे चमचे. दुकानातल्या तयार पावडरीपेक्षा हे बहुधा कमी गोड लागेल. चार दिवस प्या, जीभ रुळते. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी साखर सोडून बाकीचं मिश्रण वेगळ्या बरणीत ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला हे द्यायचं नाही. आणि घरात कुत्रा असेल तर पेला, डबा, चाळणीतला उरलेला भुगा, सगळं त्याच्यापासून लांब. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी असतं, आणि कोको पावडरीत ते चॉकलेटपेक्षाही जास्त असतं.

डबा

मोठ्या बरणीचा मोह सोडा. दर वेळी झाकण उघडलं की बाहेरची हवा आत जाते. आठ दिवसांचं मिश्रण हाताशी एका छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाकीचं दुसऱ्या बाटलीत बंद. चमचा आतच ठेवून द्यायची सवय असेल तर मोडा, कारण वाफाळत्या पेल्यावर धरलेला चमचा परत आत गेला की एवढ्यानेच खडे होतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. गार बाटली बाहेर आली, उघडली, की आतल्या पुडीवर दव धरतं. गॅसच्या वरची फळीही नको, तिथे रोज वाफ चढते. धान्याच्या कपाटातली, भिंतीपासून लांबची जागा बरी.

आमच्या आईची तांदळाची युक्ती इथेही चालते. मूठभर तांदूळ तव्यावर चांगले गरम करून, गार झाल्यावर मलमलच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी डब्यात टाका आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भाजून घ्या. झाकणावर तारीख लिहा. कोरड्या दिवसांत केलेलं दुधातलं मिश्रण तीन महिने चांगलं राहतं, दूध पावडरीचं महिना-दीड महिना. पण कुठल्याही पाकिटावरची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच तारीख खरी.

पावसाळ्यात काय करायचं? मी मे महिन्यातच, हवा कोरडी असताना, पाण्यातलं मिश्रण ३१-३१ ग्रॅमच्या पुड्यांत बांधते. झिपची छोटी पाकिटं, प्रत्येकातली हवा दाबून काढलेली, आणि सगळी मिळून एका स्टीलच्या डब्यात. एक फोडली तर एकच संपते, बाकीच्यांना हवा लागत नाही. तरी ही जुलैच्या मध्यापर्यंत संपवायची. त्यानंतर दूध पावडर विसरा. दूध पावडर नसलेलं मिश्रण दमटपणा बऱ्यापैकी सोसतं, तेही १०० ग्रॅमच्या आसपासच करा. आणि त्यासाठीही आधी मिठाची बरणी.

बिघडलं तर

मिश्रणाचे मऊ खडे झाले, वास ठीक आहे, तर चाळून आठवड्यात संपवा. दगड झाला असेल आणि दूध पावडर असेल, तर वास घ्या. जुन्या तुपासारखा खवट आला की टाकून द्या. बुरशीचा ठिपका दिसला तर चाळत बसू नका, डबाच रिकामा करा.

कोको पिठूळ लागला तर तो शिजला नाही, गॅसवर आणखी दोन मिनिटं ठेवा. पाणचट लागला तर मिश्रण वाढवण्याआधी मीठ घातलं होतं का ते आठवा. त्या दोन चिमट्या विसरल्या की सगळं घालूनही चव बसकी येते. आंबट-तुरट वाटला तर तुमचा कोको फिकट जातीचा आहे, सोड्याची चिमूट किंवा थोडं जास्त दूध. दूध फाटलं तर गूळ उकळत्या दुधात पडला असणार, किंवा दूधच शिळं होतं.

आणि तळाशी राहणारा थर ही चूक नव्हे. कितीही चाळा, कितीही रगडा, न विरघळणारी पूड शेवटी खाली बसतेच. ती सगळ्यात चवदार असते, म्हणून शेवटच्या दोन घोटांआधी पेला हातात धरून एकदा गोल फिरवून घ्या.